टाचेवरचा घाव

१

माणूस पडण्याआधी एक आवाज झाला होता, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सुकी काठी गुडघ्यावर धरून मोडावी तसा. फट्.

फायर स्टेशनच्या मागच्या आवारात सकाळची कसरत चालली होती. सरावाच्या मनोऱ्याला शिडी लावली होती. पुढे पथकप्रमुख चढत होते. त्यांना सगळं स्टेशन ‘वस्ताद’ म्हणायचं, कारण तिथल्या निम्म्या जवानांना शिडीवर पाय कसा टाकायचा हे त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्यामागून, थोडं अंतर ठेवून, लंबू चढत होता. खाली शिडीचा पाय धरून मिठू उभा होता. आवाज झाला, वस्ताद ओरडले आणि दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आले. कंबरेचं हाड मोडलं. उजव्या टाचेमागची जाड दोरी, जिच्या जोरावर आपण पाऊल उचलतो, ती पार तुटली.

शुद्ध मात्र गेली नव्हती. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी लंबूकडे बोट दाखवलं.

“ह्यानं मारलं. मागून, टाचेवर हाणलं मला.”

लंबूच्या कमरेला कुऱ्हाड होती.

त्याच दिवशी लंबूला निलंबित केलं आणि चौकशी मॅडमकडे आली. खात्यात कुठलंही नकोसं काम मॅडमकडेच यायचं. त्या आधी बंबावर होत्या. उजवं कोपर धरलं तसं त्यांना टेबलावरच्या कामाला बसवलं, आणि तेव्हापासून त्या लोकांचे जबाब लिहून घेत होत्या. लिहून लिहून कोपर आणखीच दुखायचं. माणसं किती परींनी खोटं बोलतात हे ऐकून ऐकून कानही दमले होते.

या प्रकरणात तर ऐकायचंही फारसं नव्हतं. लंबू आणि वस्ताद यांचं कित्येक दिवस वाकडं होतं. एका आगीत लंबू हुकूम न ऐकता आत घुसला म्हणून वस्तादांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं आणि त्याची बढती अडवली होती. त्यावर लंबू सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, “वर चढलात तसे एक दिवस खालीही याल.”

आता ते खाली आले होते.

मिठूला बोलायला सांगावं लागत नसे. नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. पण त्या दिवशी तो खुर्चीच्या टोकावर गप्प बसला होता.

“तू खालून काय पाहिलंस?” मॅडमनी विचारलं.

“लंबू माझा दोस्त आहे, मॅडम.”

“ते विचारलं नाही मी.”

मिठूनं तोंडावरून हात फिरवला. “हात पाहिला मी त्याचा. वस्तादांच्या पायाकडे गेला होता.”

२

लंबू इतका उंच होता की चौकशीच्या खोलीतल्या खुर्चीत त्याचे गुडघे टेबलाला लागत होते. दाढी वाढली होती. डावा खांदा तो जपून धरत होता.

“हात गेला होता,” तो म्हणाला. “धरायला गेला होता. पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय. लिहून घेतात आणि पुढचा प्रश्न विचारतात.”

“खांद्याला काय झालं?”

“हिसका बसला. अंगावर वजन आलं ना त्यांचं.”

“ते वाक्य तू बोलला होतास? खाली याल म्हणून?”

“बोललो होतो.” त्यानं टेबलाला लागलेले गुडघे बाजूला घेतले. “रिटायर होतील, माझ्यासारखे साधे होतील, असं म्हणायचं होतं. आता कसंही ऐका.”

“आणखी काही सांगायचंय?”

“नाही. थकलो मॅडम मी सांगून.”

हे मात्र मॅडमना पटलं. खोटं बोलणारा माणूस सहसा थकत नाही. त्याला रोज नवीन काहीतरी सुचतं.

दवाखान्यातून आलेल्या पिशवीत वस्तादांचा उजवा बूट होता. पाय सोडवायला तो पुढून कापला होता, पण मागची बाजू शाबूत होती. वस्ताद बुटांना स्वतः पॉलिश करायचे, आरशासारखं. मॅडमनी बूट खिडकीपाशी नेला. जाड चामडं, दुहेरी शिवण. आतली दोरी तुटेल इतक्या जोरानं कुऱ्हाड बसली असती, तर चामड्याला खड्डा पडला असता, निदान चरा तरी उठला असता. काहीच नव्हतं. पॉलिशमध्ये फक्त चार फराटे होते, वरून टाचेकडे ओढत गेलेले. बोटांचे.

त्यांनी मिठूला पुन्हा बोलावलं.

“शिडी धरताना नजर कुठे असते?”

“शिडीच्या पायाकडे. सरकला की मेलो.”

“मग वर कशाला बघितलंस?”

“आवाज झाला म्हणून.”

बोलून झाल्यावर मिठू थांबला. तोंड तसंच उघडं राहिलं.

“म्हणजे आधी आवाज,” मॅडम म्हणाल्या, “मग तू वर बघितलंस, आणि मग हात दिसला.”

“हो.” मिठूचे डोळे भरून आले. “हो की. आवाज आधीच झाला होता. मॅडम, मी हे आधी का नाही बोललो?”

“कोणी विचारलं नाही तुला.”

लंबूचा हात घाव घालायला गेला नव्हता, हे आता नक्की होतं. पण वस्तादही उगाच कुणाचं नाव घेणाऱ्यातले नव्हते. पडल्या पडल्या, मरणाच्या दारात, त्यांनी टाचेवर घाव बसल्याचं सांगितलं होतं. शिडीवर तिसरं कोणी नव्हतं.

मग मारलं कुणी?

३

वस्तादांच्या खाटेशी त्यांची बायको बसली होती. दवाखान्यात बरेच दिवस काढलेल्या माणसाच्या अंगाला एक वास येतो, तो तिच्या साडीला येत होता. उजवा पाय प्लॅस्टरमध्ये उशीवर ठेवलेला. डाव्यावर चादर.

“झालं की नाही तुमचं लिहून?” वस्ताद म्हणाले. “नाव सांगितलं, जागा सांगितली, अजून काय राहिलं?”

“घाव कसा लागला ते पुन्हा सांगा.”

“लाथ बसावी तसा. दगडासारखा. मागे कोण होतं ते सगळ्यांना माहीत आहे.” आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. नजर मात्र खिडकीकडे होती.

“तुम्ही मागे वळून पाहिलंत?”

“वळायला वेळ मिळाला असता तर पडलो असतो का?”

“म्हणजे मारताना पाहिलं नाहीत.”

“लागल्यावर कळत नाही का माणसाला?”

बायको पाणी द्यायला उठली. तिचा पदर चादरीत अडकला आणि चादर डाव्या पायावरून घसरली. मॅडमची नजर सहज तिकडे गेली आणि तिथेच थांबली. डाव्या, धडधाकट पायाच्या टाचेमागे रुपयाएवढा पांढरट डाग होता, आणि डागाच्या मधोमध खळगा. कणकेत अंगठा दाबावा तसा.

“ह्या टाचेलाही काही झालं होतं का?” मॅडमनी विचारलं.

“मी कुठलंही इंजेक्शन घेतलेलं नाही,” वस्ताद म्हणाले.

बायकोच्या हातातला पेला तसाच राहिला.

मॅडमनी वही मिटली. इंजेक्शनाचं नाव त्यांनी काढलंच नव्हतं.

४

हाडांचे डॉक्टर शस्त्रक्रिया आटोपून बाहेर आले होते आणि उभ्याउभ्याच चहा पीत होते. मॅडमच्या कोपरावर तेच उपचार करायचे.

“कोपराचं काय ठरलं?” त्यांनी विचारलं. “घ्यायचं ना इंजेक्शन?”

“आधी मला त्या औषधाबद्दल सांगा. चांगलंही सांगा, वाईटही.”

“स्टेरॉइड काही विष नाही. मी देतो लोकांना. सूज उतरते, दुखणं थांबतं, बऱ्याच जणांना काही त्रासही होत नाही. काहींना एक-दोन दिवस दुखणं उलट वाढतं. काहींचा चेहरा लाल होतो. साखरेचा आजार असेल तर साखर चढते, काही दिवसांनी उतरते. जिथे सुई टोचली तिथली कातडी कधी पांढरी पडते, खालची चरबी विरघळते, खळगा पडतो.”

“आणि टाचेला दिलं तर?”

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. “टाचेमागच्या दोरीला मी देत नाही. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, कंडरा म्हणतात तिला. सगळ्या अंगाचा भार तिच्यावर. औषधानं ती कमजोर पडू शकते, त्यात पुन्हा पुन्हा दिलं तर जास्तच. शिवाय दुखणं थांबल्यामुळे माणसाला वाटतं आपण बरे झालो, आणि तो पळायला लागतो. तुमच्या वस्तादांना एकदा कोपरात दिलं होतं मी, छान गुण आला. मग ते टाचेत मागायला आले. मी नाही म्हटलं. आराम करा, हळूहळू व्यायाम करा, शिडी काही महिने विसरा, असं सांगितलं. रागावून गेले.”

“ऑपरेशन करताना काही दिसलं?”

“दोरी शिवायला घेतली तर टाका धरेना, इतकी भुसभुशीत. शुद्धीवर आल्यावर मी विचारलंही, इथे कुणाकडून सुई घेतली होती का? चक्क नाही म्हणाले.”

“अशी दोरी तुटताना माणसाला काय वाटतं?”

“सगळे एकच सांगतात. फट् आवाज आला आणि मागून कोणीतरी लाथ मारली, दगड मारला. मागे वळून बघतात. मागे कोणीच नसतं.”

मॅडमनी कपाळाला हात लावला.

“आणि डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “मागे कोणी असलंच तर?”

५

घाव कोणीच घातला नव्हता, हे कळलं होतं. पण सुई घातली होती कोणीतरी, एकदा नाही, अनेकदा, आणि दोन्ही पायांत. त्या माणसासाठी वस्ताद एका निरपराध पोराची नोकरी घालवायला तयार होते. असा माणूस जवळचाच असणार.

स्टेशनच्या कॅन्टीनमध्ये मावशी भांडी आवरत होत्या. वस्तादांचं नाव निघताच त्या हसल्या.

“आजारी असतील असं कधी वाटलं नाही हो. उलट सुट्टीवरून आले की तोंड कसं लालबुंद! मी चेष्टा करायची, काय वस्ताद, सासरवाडीला जाऊन आलात की काय? पाणी तर इतकं प्यायचे, जग रिकामा करायचे. साखर आहे ना त्यांना, बिनसाखरेचा चहा मीच करते वेगळा.”

“प्रत्येक सुट्टीनंतर असं व्हायचं?”

“प्रत्येक नाही. मधूनमधून. ज्या सुट्टीआधी लंगडत असायचे ना, त्या सुट्टीनंतर.”

मॅडम तिथून थेट वस्तादांच्या बायकोकडे गेल्या. ती दवाखान्याच्या जिन्यात भिंतीला टेकून बसली होती. मॅडमही शेजारी पायरीवर बसल्या.

“सुट्टीला कुठे जायचे हो ते?”

“लेकीकडे. आणखी कुठे जाणार? एकुलती एक आहे.” मग ती हळूच म्हणाली, “जाताना लंगडत जायचे आणि दोन-चार दिवसांत तरातरा चालायचे. मला वाटायचं, लेकीला बघून बरं वाटतं माणसाला.”

“मुलगी काय करते?”

बायकोनं मॅडमकडे पाहिलं. प्रश्न आपल्याला कुठे नेतोय हे तिला आधीच कळलं होतं, कदाचित बरेच दिवस.

“डॉक्टर आहे,” ती म्हणाली. “घोड्यांची.”

६

घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेचा तबेला गावाबाहेर होता. मुलगी एका घोडीच्या पुढच्या पायाला पट्टी बांधत होती. तिचा चेहरा वस्तादांसारखाच रुंद होता. वडिलांची चौकशी करायला कोणी आलंय म्हटल्यावर ती गोंधळली.

“चौकशी कसली? पाय घसरला ना बाबांचा? मी गेले होते भेटायला. तेच म्हणाले.”

“तुमच्या वडिलांनी एका जवानावर आरोप केलाय. कुऱ्हाडीनं टाच फोडली म्हणून. तो निलंबित आहे, प्रकरण पुढे पोलिसांकडे जाईल.”

मुलीचे हात पट्टीवर थांबले. घोडीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मुलीनं ती गाठ नीट मारली, उठली, हात धुतले आणि मग बोलली.

“कुऱ्हाड नव्हती ती. मी होते.”

मॅडमनी वही उघडली.

“औषध तेच असतं. घोड्याला देतात तेच. टाच दुखते म्हणून आले, डॉक्टर देत नाही म्हणाले. परीक्षा होती शिडीची. नापास झालो तर टेबलावर बसवतील, म्हणाले. मी आधी नाहीच म्हटलं. मग ते इथे ह्या गवताच्या गठ्ठ्यावर बसले आणि रडले. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं हो. एकदाच देते म्हटलं. मग दुसऱ्या पायाला, मग पुन्हा.”

“धोका माहीत नव्हता तुम्हाला?”

“माहीत होता.” ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. “घोड्याला दिलं की मी त्याला मैदानात पाऊल टाकू देत नाही. मालकाशी भांडते. बाबा म्हणायचे, रजा टाकलीय, घरी पडून आहे. मी कधी आईला फोन करून विचारलं नाही, खरंच घरी आहेत का म्हणून. कशाला विचारलं नाही, ते मलाही कळत नाही.”

“त्यांची डावी दोरीही तशीच असेल. डॉक्टरांना हे माहीत नाही. उद्या ते त्या एका पायावर उभे राहिले तर?”

मुलीनं खुंटीवरची पर्स घेतली.

“चला,” ती म्हणाली. “त्या माणसालाही बोलवा.”

७

खोलीत सगळे उभेच होते. खुर्ची एकच होती आणि तीत कोणी बसेना. मुलीला लंबूबरोबर दारातून आत येताना पाहिलं तेव्हाच वस्तादांना कळून चुकलं.

“तू कशाला आलीस?” ते तिच्यावर ओरडले. “हिचा काही संबंध नाही. मॅडम, लिहा, हिचा काही संबंध नाही!”

“मी सांगितलं त्यांना, बाबा. घोड्यांचं औषध माणसाला दिलं, हेही आमच्या पशुवैद्यक परिषदेला मीच कळवणार आहे. डॉक्टरांनाही सांगून आले, दोन्ही पायांचं.”

वस्तादांनी डोळे मिटले. बंद डोळ्यांनीच ते म्हणाले, “मला खरंच लागलं होतं. देवाशपथ. मागून कोणीतरी मारलं असंच वाटलं. अजूनही तसंच वाटतं.”

“तुम्हाला तसं वाटलं हे खोटं नाही,” मॅडम म्हणाल्या. “शिडीवरून पडल्यावर तुम्ही लंबूचं नाव घेतलंत, ती चूक होती. माणसाची चूक होते. पण ऑपरेशननंतर डॉक्टरांनी इंजेक्शनाबद्दल विचारलं, तेव्हा तुम्हाला कळलं होतं. बरोबर ना?”

“बरोबर,” वस्ताद म्हणाले. “खरं सांगितलं असतं तर हिचं शिक्षण, हिचं नाव, सगळं मातीत गेलं असतं. मीच रडून मागितलं होतं. ती शिक्षा हिला कशी होऊ देऊ?”

“मला होऊ दिलीत,” लंबू म्हणाला.

खोलीत आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला होता. आवाजात राग नव्हता. राग करायचीही ताकद नव्हती बहुतेक.

“पडताना तुमचा बूट आला होता माझ्या हातात. पुरता आला होता. मग सुटला. इतके दिवस मी तेच बघतोय डोळ्यांसमोर. वाटायचं, अजून जरा घट्ट धरायला हवं होतं. तुम्ही माझं नाव घेतलंत तेव्हाही वाटलं, बरोबर आहे, सुटले ना माझ्या हातून.”

बायको तोंडाला पदर लावून रडू लागली. मुलगी भिंतीकडे वळली. वस्ताद उशीवरून मान उचलायचा प्रयत्न करत होते, पण कंबरेमुळे ते जमत नव्हतं.

“काय करू मी, सांग,” ते म्हणाले. “पाया पडता येत नाही मला.”

“पाया नको. फोन करा.”

“साहेबांना? करतो. आत्ता करतो.”

“साहेबांना मॅडम कळवतील. माझ्या आईला करा.” लंबूनं खिशातून मोबाइल काढला. “शेजारी विचारतात म्हणून तिनं बाहेर जाणं सोडलंय. माझ्यावर विश्वास आहे म्हणते. आणि रोज ताट वाढताना विचारते, खरं सांग, तू मारलं नाहीस ना?”

त्यानंच नंबर लावला आणि फोन वस्तादांच्या कानाशी धरला. हात लांब होता, खाटेपर्यंत सहज पोचला. पलीकडे घंटी वाजली. कोणीतरी उचललं.

“नमस्कार,” वस्ताद म्हणाले आणि अडकले. त्यांनी हाताखाली घेतलेल्या पोरांनी त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. “मी स्टेशनवरून… नाही, दवाखान्यातून बोलतोय. तुमच्या मुलाचा वस्ताद. तुमच्या मुलानं मला मारलं नाही, आई. त्यानं मला धरायचा प्रयत्न केला. मी खोटं बोललो.”

पलीकडे काही काळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग एक म्हातारा, ठणठणीत आवाज आला, खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“मला ठाऊकच होतं.”

लंबूनं फोन बंद केला. मग त्या एकुलत्या एका खुर्चीत तो बसला, लांब पाय पुढे सोडून, आणि दोन्ही तळहातांनी चेहरा झाकून घेतला.

“ठाऊक नव्हतं तिला,” तो म्हणाला.